वहीत 'डिप' लिहिलं आणि नाव गेलं बाप्तिस्म्याच्या यादीत

या वेळचं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग घरात मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दोन्ही वेळा मला मधेच थांबून चष्मा पुसायला लागला. पत्र बरंच मोठं आहे, थोडं कापलंय, पण भाषा तिचीच ठेवलीये.

"ताई, नमस्कार. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली, नवरा ख्रिस्ती आहे, मी नाही, म्हणजे माझा बाप्तिस्मा वगैरे झालेला नाही पण दर रविवारी मी त्याच्याबरोबर आणि त्याच्या आत्याबरोबर चर्चला जाते, मला आवडतं तिथे. गेल्या नाताळात स्नेहभोजनाला मी काबुली चण्यांचं डिप करून नेलं होतं, हमसच, फक्त माझ्या पद्धतीने, आणि ते इतकं हिट झालं की लोक मला डिपवाली म्हणायला लागले. तर गेल्या महिन्यात चर्चच्या दाराशी टेबलावर वही ठेवली होती, पुढच्या स्नेहभोजनाला कोण काय आणणार त्याची, असं मला वाटलं. वर फुलदाणी ठेवलेली त्यामुळे हेडिंग दिसलं नाही. नाव आणि पुढे एक रकाना, कोणीतरी 'शिंपडून' लिहिलेलं, कोणीतरी 'पूर्ण'. मला वाटलं शिंपडून म्हणजे वर कोथिंबीरबिथिंबीर असेल. मी माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं 'डिप, मोठ्या भांड्यात'.

पुढच्या रविवारी पास्टरनी नावं वाचली आणि माझं नाव आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बाप रे, एवढं आवडलं होतं! दोन शब्द बोला म्हणाले म्हणून मी उभी राहिले आणि म्हटलं की मी खूप दिवस हो-नाही करत होते, पण घरच्यांचा आग्रह होता, आणि या वेळी घाई करणार नाहीये, रात्रभर भिजवायचं ठरवलंय. मागून कोणीतरी 'आमेन' म्हणालं. नंतर एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आधी झालाय का तुमचा? मी म्हटलं हो ना, नाताळात, दहा मिनिटांत सगळं खलास! त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण मला तेव्हा कळलं नाही का ते. पास्टर म्हणाले गुरुवारी सहा वाजता क्लास आहे, नक्की या. मी समजले की बायकांना माझ्याकडून डिप शिकायचंय. गुरुवारी मी मिक्सर, भिजवलेले चणे आणि लिंबं घेऊन गेले, तर तिथे पाच जण बायबल उघडून बसलेले. पास्टर म्हणाले, अरे वा, खाऊ पण आणलात! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण ताई, आत्या माझ्या शेजारी बसली होती, माझा हात धरून, आणि रडत होती. तिने मला एक टॉवेल दिला, स्वतः माझं नाव भरलेला, पाण्यातून बाहेर आल्यावर पुसायला. मी काही बोललेच नाही. तासभर मिक्सर मांडीवर घेऊन बसले आणि घरी आले.

नवरा हसून हसून सोफ्यावरून घसरला आणि म्हणाला, आता घेऊनच टाक की. पुढचा क्लास येत्या गुरुवारी आहे. मी काय करू? तिथे तोंड कसं दाखवू? आत्याला काय सांगू? टॉवेल परत करू का? खरं सांगायचं तर त्या क्लासमधे एक दोन गोष्टी मला आवडल्या, पण म्हणून मी तयार आहे असं नाही. आणि एक फालतू प्रश्न, रागावू नका, नाताळात माझं डिप शेवटी शेवटी वरून सुकून तडकलं होतं आणि लसूण कडक लागत होता, त्याला काय करायचं? — डिपवाली"

अगं डिपवाली, पहिल्यांदा फालतू प्रश्न कुठला ते आपण ठरवून घेऊ, कारण तुझ्या पत्रात मला एकच प्रश्न फालतू वाटला आणि तो म्हणजे तोंड कसं दाखवू. तोंड जसं आहे तसं दाखवायचं. मी स्वतः एकदा एका ओळखीच्यांच्या चर्चमधे कॉफीची रांग समजून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात त्या रांगेत उभी राहिले होते, माझी पाळी आल्यावर एका भल्या माणसाने डोक्यावर हात ठेवला आणि मायेने विचारलं, ताई तुम्हाला काय हवंय, आणि मी म्हटलं, कॉफी, साखर कमी. त्या बिचाऱ्याने डोळे मिटलेलेच ठेवले पण खांदे हलत होते. त्या घरी मी आजही जाते आणि मला कॉफी न विचारता मिळते, साखर कमी.

तुझं जे झालं ना, त्यात तुझी चूक फुलदाणीएवढीच आहे, आणि भाषेची चूक तुझ्यापेक्षा मोठी आहे. बाप्तिस्मा हा शब्द मुळात ग्रीक, आणि ज्या क्रियापदातून तो आला त्याचा अर्थच बुडवणं, म्हणजे सरळ सरळ डिप. नव्या करारात मार्कच्या 7 व्या अध्यायात पेले आणि भांडी धुण्याबद्दल लिहिलंय तिथे मूळ ग्रीकमधे याच घराण्यातला शब्द आहे, आणि शेवटच्या भोजनाला येशू घास बुडवून यहूदाला देतो त्या जागी योहानाने वापरलेला शब्दसुद्धा याच मुळाचा. म्हणजे वाटीत भाकरी बुडवणं आणि माणसाला पाण्यात बुडवणं हे शब्द तिथे चुलतभाऊ आहेत, तू फक्त चुकीच्या चुलतभावाच्या घरी गेलीस.

आणि या एका शब्दावरून तुझ्याआधी बरेच मोठे लोक भांडलेत. 1836 मधे अमेरिकन बायबल सोसायटीने बंगाली बायबलला पैसे द्यायला नकार दिला, कारण बॅप्टिस्ट (म्हणजे पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देणारा पंथ) भाषांतरकारांनी तो ग्रीक शब्द तसाच न ठेवता त्याचं सरळ 'बुडवणं' असं भाषांतर केलं होतं. भांडण एवढं पेटलं की बॅप्टिस्ट लोकांनी आपली वेगळी सोसायटी काढली. आपल्या मराठीत ग्रीक शब्दच ठेवला, बाप्तिस्मा, म्हणून प्रश्न मिटला, आणि नेमकी तू जाऊन त्याच्यापुढे 'डिप' लिहून आलीस. तो 'शिंपडून' आणि 'पूर्ण'चा रकाना, म्हणजे बाप्तिस्मा पाणी शिंपडून हवा की पूर्ण बुडवून, तोही वाद आजचा नाही बरं का. डिडाखे म्हणून अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं एक छोटं पुस्तक आहे, त्यातच लिहिलंय की वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात द्या, गार नसेल तर कोमट चालेल, आणि पाणी पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. मोठ्या भांड्याची सोय मात्र त्यात सांगितलेली मला तरी दिसली नाही.

त्या वडीलधाऱ्यांचा चेहरा का पडला तेही सांगते. इ.स. 381 च्या मतांगीकारात, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या नायसीन क्रीडमधे, 'एकच बाप्तिस्मा' असे शब्द आहेत, आणि बहुतेक मंडळ्यांमधे तो आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो. त्यांनी तुला विचारलं आधी झालाय का, आणि तू म्हणालीस हो, नाताळात, दहा मिनिटांत खलास. तो माणूस अजून विचार करत असेल की नाताळात आपण नक्की कुठे होतो.

बरं, हसून झालं. आता गुरुवारचं बघू, कारण दिवस थोडे आहेत.

सगळ्यात आधी पास्टरना फोन कर. आज कर, हे वाचून झाल्या झाल्या. मेसेज नको, मेसेजमधे तू तीन इमोजी टाकशील आणि त्यांना कळणारच नाही की नाव काढायचंय की तू आनंदात आहेस, आधीच एका शब्दाने एवढा घोळ घातलाय, आता लिहिणं बंद. सरळ बोल, पास्टर, माझं नाव चुकून लागलंय, मी ती वही जेवणाची समजले होते, डिप म्हणजे खायचं डिप. एवढ्यात सगळं आलं. पुढे सॉरी सॉरी दहा वेळा म्हणत बसू नकोस, आणि कारणं तर अजिबात देऊ नकोस की सध्या तब्येत बरी नाही, पाण्याने सर्दी होते, पुढच्या वेळी बघू. अशी कारणं दिली की समोरचा माणूस बिचारा सोय करायला लागतो. उद्या ते पाणी कोमट करून ठेवतील तुझ्यासाठी, मग काय सांगशील?

ते रागावतील अशी भीती वाटत असेल तर ती काढून टाक. बाप्तिस्म्याच्या आधी सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात, विश्वास ठेवतेस का, असं असं मानतेस का, आणि उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यायचं असतं. क्लास असतो तो त्याचसाठी, माणसाला नीट माहीत असावं की आपण कशाला हो म्हणतोय. कुठल्याही शहाण्या पाळकाला यादीतलं एक नाव कमी झालेलं परवडेल, पण लाजेखातर पाण्यात उतरलेली बाई परवडणार नाही. आणि तुझ्या नवऱ्याला माझा निरोप दे की बाबा तुझं हसणं मान्य, सोफ्यावरून घसरणं पण मान्य, पण 'घेऊनच टाक' हे काय बोलणं झालं? सेलमधली साडी आहे का ती? ज्या गोष्टीसाठी त्याच्या आत्याने एवढी वर्षं वाट बघितली ती गोष्ट बायकोने लाजेखातर उरकून टाकावी असं त्याला खरंच वाटतं का, शांतपणे विचार त्याला. मला वाटतं तो गप्प बसेल. मग त्याला कामाला लाव, त्याने तुझ्याबरोबर आत्याकडे यायचं.

कारण खरी गोष्ट आत्या आहे. बाकी सगळा विनोद आहे गं, मंडळी हसतील, पास्टर हसतील, ते वडीलधारे तर सुटकेचा श्वास टाकून हसतील, पण तिने हाताने तुझं नाव भरलंय त्या टॉवेलवर. तुझं पत्र वाचताना मी इथे हसायची थांबले. तिच्यासाठी तो रविवार खोटा नव्हता, तिच्या डोळ्यातलं पाणी खरं होतं, आणि हे तिला तिसऱ्याच कोणाकडून हसत हसत कळलं, अगं ती डिपची गंमत ऐकलीस का म्हणून, तर तिला दोनदा लागेल, एकदा बाप्तिस्मा नाही म्हणून आणि एकदा सगळ्यांना आपल्याआधी माहीत होतं म्हणून. म्हणून पास्टरना फोन झाला की त्याच दिवशी तिच्याकडे जा, पास्टरना पण सांग की आत्याशी मी बोलेपर्यंत कोणाला सांगू नका.

तिथे गेल्यावर विनोदापासून सुरुवात करू नकोस. मला माहितीये तुझी तीच सवय आहे, पत्रावरून दिसतंच, अवघड जागा आली की तू गंमत करतेस, मी पण तशीच आहे म्हणून ओळखते. पण ती रडत असताना तू मिक्सरचा किस्सा सांगायला लागलीस तर तिला वाटेल माझ्या रडण्याचीच गंमत झाली. आधी सांग की आत्या, माझा गैरसमज झाला होता, मी नाव दुसऱ्या गोष्टीसाठी लिहिलं होतं, आणि तुम्ही माझा हात धरलात तेव्हा मला तोंड उघडायचा धीर झाला नाही, ही चूक माझी. मग थांब. तिला बोलू दे. ती रडेल कदाचित, थोडी रागावेल, किंवा नुसती उठून चहा टाकायला जाईल, काही घरांमधे राग चहाच्या भांड्याच्या आवाजातूनच कळतो. जाऊ दे तिला. मिक्सरचा किस्सा तिने स्वतः विचारला तरच सांग, आणि ती विचारेलच, मांडीवर काय होतं ते तिने पाहिलंय ना.

आणि एक, तिला बरं वाटावं म्हणून 'कधीतरी घेईन हो' असं म्हणू नकोस. हे फार गोड वाटतं आणि फार महागात पडतं, पुढच्या प्रत्येक नाताळात आणि ईस्टरला ती तुझ्याकडे बघेल आणि तू नजर चुकवशील. तसंच 'मी कधीच घेणार नाही' असंही म्हणायची गरज नाही, तुला कोणी कायमचं काही विचारलेलंच नाहीये. जे आज खरं आहे तेवढंच सांग, मी अजून तयार नाही, मला यायला आवडतं, तुमच्याशेजारी बसायला आवडतं.

आता तू पत्रात हळूच एका ओळीत घुसडलेली गोष्ट, क्लासमधल्या एक दोन गोष्टी आवडल्या म्हणून. मी ती ओळ दोनदा वाचली. त्या काय होत्या ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत पण नाही, पण हे लक्षात घे की यादीतून नाव काढणं आणि क्लासला जाणं बंद करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पास्टरना फोनवरच विचार की नाव काढून नुसतं ऐकायला बसले तर चालेल का. बहुतेक ठिकाणी चालतं, उलट आवडतं त्यांना. चाललं तर जा, किंवा नको जाऊ, पण ते तू ठरव, लाजेने ठरवू नकोस आणि आत्याच्या टॉवेलने पण नाही. मिक्सर मात्र घरी ठेव.

मंडळीचं मी एवढ्यातच उरकते कारण तिथे काही फार करायचं नाहीये. पास्टर आणि आत्या दोघांना कळलं की पुढच्या रविवारी तूच आपणहून सांग, जो पहिला भेटेल आणि अभिनंदन म्हणेल त्याला सांग की अहो ती वही मी जेवणाची समजले. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल, तुला दुसऱ्यांदा सांगायची पण गरज पडणार नाही. 'रात्रभर भिजवणार' हे वाक्य तुला आयुष्यभर ऐकावं लागणार आहे, त्याची तयारी ठेव.

चला आता डिप, कारण ते स्नेहभोजन तर आहेच ना पुढे, आणि तू जेवणाच्या यादीत नाव लिहिलेलंच नाहीस अजून! ते लिही, फुलदाणी उचलून बघ आधी.

तुझ्या दोन्ही तक्रारींना उपाय आहे. लसूण कडक लागतो कारण पाकळी चिरली की तिच्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि तो झणझणीतपणा तयार होतो, जितका बारीक वाटशील आणि जितका वेळ ठेवशील तितका तो चढतो. आंबटपणाने ते एन्झाइम थंड पडतं. म्हणून लसूण वेगळा ठेचून ठेवायचा नाही, थेट लिंबाच्या रसात किसायचा किंवा पाकळ्या रसाबरोबरच मिक्सरमधे फिरवायच्या, चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, हवं तर गाळून फक्त रस घ्यायचा. चव राहते, नाकात जात नाही. चर्चमधे जेवणानंतर लोक एकमेकांना मिठ्या मारतात हे पण लक्षात घे.

चणे रात्रभर भिजवणार म्हणालीस ते बरोबरच आहे (आमेन). 250 ग्रॅम कोरडे चणे भरपूर पाण्यात भिजव, ते फुगून दुपटीहून जास्त होतात म्हणून भांडं मोठं घे, मोठं भांडं तुझं ठरलेलंच आहे. शिजवताना अर्धा चमचा खायचा सोडा घाल, त्याने सालं मऊ पडून सुटतात. आणि शिजव म्हणजे खरंच शिजव, भाजीला शिजवतो तसे अख्खे राहिलेले नकोत, बोटात धरला की पीठ व्हायला हवा, गुळगुळीतपणाचं नव्वद टक्के गुपित तेवढंच आहे, बाकी लोक मिक्सरला दोष देतात. गरम असतानाच वाट. आधी लिंबू-लसणाच्या रसात दीडशे ग्रॅम ताहिनी (तिळाची पेस्ट) फिरव, ती एकदम घट्ट गोळा होईल आणि तुला वाटेल बिघडलं, बिघडलेलं नाही, बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत फिरवत राहा, पांढरीशुभ्र आणि हलकी होते, मग चणे आणि मीठ. घरी खातो त्यापेक्षा जरा पातळच ठेव, कारण थंड झाल्यावर चण्यातला स्टार्च घट्ट होतो आणि तुझं नाताळात तेच झालं. वरून सुकतं ते हवेने, म्हणून नेताना ऑलिव्ह तेलाचा पातळ थर वर पसरवायचा किंवा प्लास्टिकचा कागद अगदी डिपला चिकटवून लावायचा, वाटीच्या काठावर नाही. एवढ्यात साधारण 30 माणसांना दोन दोन चमचे येतात, तुझ्या प्रसिद्धीचा विचार करता दुप्पट कर.

दोन गोष्टी ज्यात मी गंमत करणार नाही. एक, ताहिनी म्हणजे तीळ, आणि तिळाची ॲलर्जी काही लोकांना फार जोरात येते, युरोपमधे तीळ लेबलवर लिहावाच लागतो आणि अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून ते सक्तीचं झालंय, तर तू पण एका चिठ्ठीवर ठळक लिही, काबुली चणे, तीळ, लसूण, लिंबू. हो, ही चिठ्ठी फुलदाणीखाली नको. दुसरं, शिजवलेलं डिप बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि फार उकाडा असेल, 32 अंशाच्या वर, तर एकच तास. उपासना लांबली की हा हिशोब चुकतो. म्हणून बाउल सुरुवातीपासून टेबलावर मांडू नकोस, चर्चच्या स्वयंपाकघरात फ्रिज असेल तर त्यात, नसेल तर बर्फाच्या पिशवीत, आणि शेवटचं गीत सुरू झालं की हळूच उठून बाहेर काढ. तुझं एवढं नाव झालंय की त्या वेळी उठलीस तरी कोणी काही म्हणणार नाही.

परवाच्या क्लासचे ते भिजवलेले चणे अजून फ्रिजमधे पडले असतील आणि वास बदलला असेल तर टाकून दे, त्यांच्यासाठी हळहळू नकोस.

आणि आत्याकडे जाशील तेव्हा हातात काहीतरी न्यावं असं तुला वाटणारच, तर डिपच ने, छोट्या वाटीत, पण बोलणं झाल्यावर काढ पिशवीतून, आधी नाही. तिला चर्चचं फार असेल तर बायबलमधली रूथची गोष्ट काढता येईल, शेतात दमलेल्या रूथला शेताचा मालक बवाज म्हणतो ये, भाकर खा, घास सिरक्यात बुडव, दुसऱ्या अध्यायातलं 14 वं वचन. तिथल्या हिब्रू शब्दाचा अर्थ सिरका नाही, हमससारखं काहीतरी असावं असा एक तर्क आहे, सगळे मानत नाहीत तो, पण मला फार आवडतो. रूथ पण सून होती आणि बाहेरची होती, सासूचा हात धरून आलेली, आणि तिला जेवायला बसवताना कोणी यादी बघितली नव्हती. हे मी म्हणतेय हं, तू आत्यापुढे प्रवचन देऊ नकोस, ती तुझ्यापेक्षा जास्त वेळा वाचून बसली असेल.

टॉवेलचं राहिलं. घडी घालून बरोबर ने. परत करतेय असं म्हणू नकोस, ते फार टोचेल, फक्त मांडीवर ठेव आणि विचार, आत्या, हा मी ठेवू का तुमच्याकडे राहू दे? तिलाच ठरवू दे. ती म्हणाली राहू दे माझ्याकडे, तर मुकाट्याने दे. पण माझा अंदाज आहे ती म्हणेल ठेव, नाव तुझंच आहे ना त्यावर. मग ठेव कपाटात नीट, आणि निदान येत्या स्नेहभोजनाला तरी डिपचा बाउल त्यात गुंडाळून नेऊ नकोस.